कूपरेजची गॅलरी

चर्चगेट स्टेशनाबाहेर पडून महर्षी कर्वे रस्त्याने दक्षिणेकडे चालू लागले, की डाव्या हाताला ओव्हल मैदान लागते. तिथे पांढऱ्या कपड्यांतली मुले बारा महिने क्रिकेट खेळताना दिसतात आणि रस्त्याने जाणारा माणूस एखादे षटक तरी पाहूनच पुढे सरकतो. ओव्हल संपते, चौक येतो, मंत्रालयाकडे जाणारी गर्दी आपल्याला सोडून जाते. आणखी थोडे चालले की झाडांच्या आड एक भिंत आणि एक फाटक दिसते. तिथे कोणी थबकत नाही. रोज हजारो माणसे त्या फाटकावरून ऑफिसला जातात आणि संध्याकाळी परत येतात. आत काय आहे, असे त्यांतल्या दहा जणांना विचारून पाहा. तिघे-चौघे ‘कूपरेज’ एवढे सांगतील. बाकीचे खांदे उडवतील.

या फाटकाच्या आत मुंबईच्या फुटबॉलचे घर आहे. माझ्या लहानपणी या घरावर पाटी लावायची गरज नव्हती. रोव्हर्स चषकाचा मोठा सामना असला, की फोर्टातल्या कचेऱ्यांतून दुपारी चारनंतर कारकून मंडळी एकेक करून गायब होत. साहेबाला ते ठाऊक असे, कारण बऱ्याचदा साहेबही गॅलरीतच भेटे! माझे वडील याच कारकुनांपैकी एक. सत्तरच्या दशकात त्यांनी मला प्रथम कूपरेजवर नेले, तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. चणे-शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात देऊन त्यांनी एकच सूचना केली, ‘‘गोल काय, कोणीही बघतो. तू पास बघ.’’ तेव्हा मला त्यातले काही कळले नाही. मी आपला चेंडूबरोबर मान फिरवत राहिलो. पण ती सूचना लक्षात राहिली, आणि ते मैदानही.

पिंपांचे मैदान

‘कूपरेज’ या नावाचा फुटबॉलशी काहीही संबंध नाही. इंग्रजीत ‘कूपर’ म्हणजे लाकडी पिंपे बनवणारा कारागीर, आणि तो जिथे काम करतो ती जागा कूपरेज. अठराव्या शतकातल्या मुंबईत जहाजांना लांबच्या प्रवासासाठी खारवलेले मांस, पाणी, मद्य असा सगळा शिधा पिंपांत भरून द्यावा लागे. ही पिंपे बनवणाऱ्या कारागिरांच्या शेडी किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर होत्या. शेडी गेल्या, पिंपे गेली, जहाजेही वाफेची झाली. नाव मात्र चिकटून राहिले.

ते मोकळे मैदान म्हणजे एस्प्लनेड. किल्ल्याच्या तटावरून तोफा डागायच्या तर समोर आडोसा नको, म्हणून इंग्रजांनी ही जागा मुद्दाम मोकळी ठेवली होती. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तट पाडले गेले, शहर बाहेर पसरू लागले आणि एस्प्लनेडचे तुकडे पडले. आज आपण ज्यांना आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज म्हणतो, ते हेच चार तुकडे. एकाच आईची ही चार लेकरे. पैकी तिघांना क्रिकेटने आपले म्हटले. चौथे फुटबॉलच्या वाट्याला आले.

शेजारच्या बागेत एकोणिसाव्या शतकातला बॅण्डस्टॅण्ड अजून उभा आहे. गोऱ्या लोकांनी संध्याकाळी समुद्राच्या वाऱ्यावर फिरावे, बॅण्ड ऐकावा, यासाठी तो बांधलेला. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा खूप जवळ होता. नरिमन पॉइंट नावाची जमीनच अस्तित्वात नव्हती. ती पुढे भराव घालून तयार झाली.

गोऱ्यांचा चषक, काळ्यांचे पाय

मुंबईत फुटबॉल आणला तो इंग्रजी पलटणींनी. १८९१ मध्ये इथल्या फुटबॉलवेड्या इंग्रजांनी रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू केली. सिमल्याची ड्युरँड १८८८ची आणि कलकत्त्याची आयएफए शील्ड १८९३ची. म्हणजे वयाने रोव्हर्स या दोघींच्या मधली. पहिला चषक वूस्टरशर रेजिमेंटने जिंकला आणि पुढची कित्येक वर्षे या चषकावर पलटणींचीच नावे कोरली गेली. १९०२ मध्ये बॉम्बे फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आजची ‘विफा’. तिचे कार्यालय कूपरेजवरच आहे. महाराष्ट्राच्या फुटबॉलचा कारभार तिथूनच चालतो.

१९११ हेच वर्ष आणखी एका कारणाने फुटबॉलप्रेमींना पाठ असते. त्या वर्षी कलकत्त्यात मोहन बागानच्या अनवाणी पोरांनी ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली. बूट घातलेल्या गोऱ्याला अनवाणी काळा माणूस हरवू शकतो, ही बातमी त्या काळात केवळ खेळाची राहणे शक्यच नव्हते. मुंबईला मात्र असा दिवस पाहायला बरीच वाट पाहावी लागली. १९२३ मध्ये मोहन बागान रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याला ४-१ असे हरवले. अखेर १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या संघाने बाजी मारली आणि रोव्हर्स चषक पहिल्यांदा भारतीय हातांत आला. पुढच्या वर्षीही तो त्यांनीच जिंकला. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहामेडन स्पोर्टिंगने. पलटणींची सद्दी संपली होती. देश स्वतंत्र व्हायला अजून सात वर्षे होती. फुटबॉलच्या मैदानावर ते काम थोडे आधी उरकले!

स्वातंत्र्यानंतर रोव्हर्सवर दक्षिणेकडून एक वादळ आले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस या संघाने हा चषक जिंकला. त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. २०२४ मध्ये आलेला ‘मैदान’ हा चित्रपट ज्यांच्यावर आहे, ते हेच रहीमसाहेब. त्यांच्याच हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ अशी दोनदा आशियाई क्रीडा स्पर्धांची सुवर्णपदके जिंकली. लांब ड्रिब्लिंगची हौस सोडून झटपट, आखूड पास देत पुढे सरकायचे, हे त्यांचे सूत्र. त्या पाच वर्षांत मुंबईकर प्रेक्षक हे सूत्र दरसाल पाहत होते. वडिलांची ‘पास बघ’ ही सूचना कुठून आली असावी, हे मला फार उशिरा उमगले. ते ऐन तारुण्यात हैदराबादचे खेळाडू पाहून आले होते.

कंपनीची नोकरी, संध्याकाळचा सराव

मुंबईच्या फुटबॉलची खरी ताकद मात्र पाहुण्या संघांत नव्हती. ती होती कचेऱ्यांत, गोदीत, रेल्वेत आणि गिरण्यांत. टाटा स्पोर्ट्स क्लब, कॅल्टेक्स, बर्मा शेल, मफतलाल, महिंद्र, ऑर्के, पोर्ट ट्रस्ट, पश्चिम आणि मध्य रेल्वे, बँका, एअर इंडिया, आरसीएफ... ही यादी वाचताना एखाद्या जुन्या मुंबईकराला शेअर बाजाराचे पान उघडल्यासारखे वाटेल. पण एके काळी हीच मुंबईच्या फुटबॉल लीगची यादी होती. खेळाडूला नोकरी मिळे, महिन्याचा पगार सुरू होई, आईवडिलांची काळजी मिटे. त्याने अर्धा दिवस काम करायचे आणि संध्याकाळी सरावाला जायचे. व्यावसायिक फुटबॉल नावाचा शब्द आपल्याकडे रुजला नव्हता त्या काळात गरीब घरातल्या पोरांनी फुटबॉल खेळावा, यासाठी याहून चांगली व्यवस्था आपल्याला सुचली नाही. खरे सांगायचे तर ती अजूनही सुचलेली नाही.

या पोरांत मोठा वाटा होता गोव्याचा. धोबी तलावाच्या परिसरातल्या ‘कुडां’त, म्हणजे गोव्याच्या एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेल्या मुक्कामाच्या खोल्यांत, बोटीवरचे खलाशी, वादक, आचारी आणि फुटबॉलपटू एकाच छताखाली राहत. मूळचा गोव्याच्या आसगावचा नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले, त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानेच केला होता. पुढे आपण ४-१ असे हरलो आणि स्पर्धेत चौथे आलो, ही गोष्ट वेगळी. ऑलिंपिक फुटबॉलमधली आपली ती सर्वोत्तम कामगिरी आजही आहे. त्या संघाच्या गोलात होता माटुंग्याचा एस. एस. नारायण. १९६२ च्या सुवर्णपदक विजेत्या संघातला मध्यरक्षक फोर्तुनातो फ्रँको हा टाटांचा. ही सारी माणसे मुंबईच्या लोकलने प्रवास करीत आणि कूपरेजवर खेळत. शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस ऑलिंपिक खेळून आला आहे, असा अनुभव तेव्हाच्या किती तरी कारकुनांनी घेतला.

कॅल्टेक्सने १९५८ मध्ये रोव्हर्स चषक जिंकला. १९५४-५५ मध्ये मुंबईने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष करंडक पहिल्यांदा पटकावला होताच. त्या दिवसांत कूपरेजला एक रुबाब होता. दिलीपकुमार स्वतः फुटबॉलचे वेडे. तरुणपणी फुटबॉलपटू व्हायचे त्यांच्या मनात होते, आणि मोठ्या सामन्यांना ते कूपरेजवर येत. मोहामेडन स्पोर्टिंगचा सामना असला की भेंडीबाजार आणि मदनपुऱ्यातून माणसांचे लोंढे येत. मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल असला की मुंबईतले सगळे बंगाली. गोव्याचा संघ असला की गॅलरीत कोकणीतून सल्ले सुरू होत, आणि ते सल्ले पंचांच्या सात पिढ्यांपर्यंत पोहोचत. पण सामना संपल्यावर हीच माणसे एकाच गाडीला लोंबकळत घरी जात.

मैदानाची खासियत

आता थोडे मैदानाविषयी. आपल्याकडे ‘स्टेडियम’ म्हटले की बहुतेक वेळा क्रिकेटचे किंवा ॲथलेटिक्सचे. तिथे फुटबॉल पाहुणा म्हणून येतो. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम देखणे आहे, पण ते मुळात क्रिकेटचे. पुण्याच्या बालेवाडीत प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे. तिथे फुटबॉल पाहायचा म्हणजे समोरच्या इमारतीतले लग्न आपल्या गच्चीवरून पाहिल्यासारखे. कूपरेजवर हा प्रकार नाही. ट्रॅक नाही, खेळपट्टी नाही. कडेची रेषा आणि पहिली रांग यांत जेमतेम काही पावलांचे अंतर. गोलरक्षक बचावपटूंना ओरडून काय सांगतो, ते ऐकू येते. दोन नडग्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज येतो. खेळाडूच्या चेहऱ्यावरची भीतीही दिसते. दूरचित्रवाणीवर कितीही कॅमेरे लावले तरी हे मिळत नाही.

आकाराने कूपरेज लहान आहे. आज तिथे सुमारे ५ हजार प्रेक्षक बसू शकतात. मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये जवळपास १९ हजार मावतात, त्याच्या हे जेमतेम पाव. चारी बाजूंना इमारती आणि रस्ते असल्यामुळे वाढायला जागा कमीच. पण लहान मैदान अर्धे जरी भरले तरी भरल्यासारखे वाटते. मोठ्या मैदानात दहा हजार माणसेही हरवून जातात.

जुन्या कूपरेजची दुसरी खासियत म्हणजे चिखल. मुंबईचा फुटबॉलचा मोसम पावसाळ्यातच सुरू व्हायचा. हारवुड लीगचे सामने ऐन पावसात चालत. कातडी चेंडू पाणी पिऊन असा जड होई, की त्याला डोके लावणाऱ्याच्या कपाळावर शिवण उमटे. पहिल्या दहा मिनिटांत दोन्ही संघांचे कपडे एकाच रंगाचे होत आणि पंचांची पंचाईत होई. बूट घालणेही आपल्याकडे उशिराच सक्तीचे झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये थंडीत अनवाणी खेळून आपण युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ला, त्यानंतर.

आता तो चिखल नाही. फिफाच्या साहाय्य योजनेतून कूपरेजवर कृत्रिम हिरवळ अंथरली गेली. ही हिरवळ म्हणजे प्लास्टिकचे धागे. ते उभे राहावेत आणि पायाला मऊपणा लागावा म्हणून त्यांच्या मुळाशी वाळू आणि रबराचे बारीक दाणे भरतात. पाणी खाली झिरपून जाते. त्यामुळे पाऊस थांबल्यावर थोड्या वेळात खेळता येते, आणि सर्वांत मोठा फायदा म्हणजे एका दिवसात एकामागोमाग एक सामने घेता येतात. खऱ्या गवताला एवढे सामने सोसत नाहीत. तोटेही आहेत. उन्हात ही हिरवळ तव्यासारखी तापते, घसरून टॅकल केले की कातडी सोलवटते आणि चेंडू अंमळ जास्त वेगाने पळतो. जुने खेळाडू नाक मुरडतात. मला विचाराल तर मुंबईसारख्या जागेची टंचाई असलेल्या शहरात हा सौदा वाईट नाही. गवत खरे हवे, हे मान्य. पण त्याआधी त्यावर खेळायला मुले हवीत.

गॅलरी रिकामी झाली

मग बिघडले कुठे? एका रात्रीत काही झाले नाही. सत्तरच्या दशकात तेलकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि कॅल्टेक्स, बर्मा शेल ही नावेच पुसली गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावली. कंपन्यांत खेळाडू म्हणून नोकरी देण्याची पद्धत हळूहळू आटली. १९८३ मध्ये कपिलदेवच्या संघाने विश्वचषक आणला आणि दूरचित्रवाणीने क्रिकेट प्रत्येक घराच्या बैठकीत नेऊन ठेवले. पुढे केबल आली. मँचेस्टर आणि माद्रिदचे फुटबॉल दिवाणखान्यात दिसू लागल्यावर चर्चगेटला उतरून कूपरेज कोण गाठणार?

१९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि जुन्या चषक स्पर्धांना मोसमात जागा उरेना. २०००-०१ च्या मोसमात मोहन बागानने रोव्हर्स चषक जिंकला आणि एकशेदहा वर्षांची ही स्पर्धा बंद पडली. तिची बरोबरीची ड्युरँड स्पर्धा लष्कराच्या आधाराने टिकली, आज ती जोमात आहे. रोव्हर्सला असा आधार मिळाला नाही. गंमत म्हणजे त्याच सुमारास, १९९९-२००० मध्ये, महाराष्ट्राने केरळला हरवून संतोष करंडक जिंकला होता. खेळाडू होते. गॅलरी जात होती.

२००५-०६ मध्ये महिंद्र युनायटेड राष्ट्रीय लीगचे विजेते झाले तेव्हा कूपरेजला पुन्हा जाग आल्यासारखे वाटले. पण २०१० मध्ये जवळपास अर्धशतकाचा हा संघ बंद झाला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीने काही वर्षे इथे आय-लीगचे सामने खेळवले. तोही २०१७ च्या मोसमानंतर संपला. मुंबई सिटी एफसीने पुढे इंडियन सुपर लीगचे विजेतेपद २०२०-२१ आणि २०२३-२४ असे दोनदा मिळवले, हे कौतुकाचे. पण त्या संघाचे घर अंधेरीला.

या प्रत्येक निर्णयाला त्या त्या वेळी सबळ कारण होते. कंपनीने नफातोटा पाहायचा, संघटनेने वेळापत्रक पाहायचे, प्रेक्षकाने आपली सोय पाहायची. कोणालाच दोष देता येत नाही, आणि म्हणूनच कोणाला काही वाटतही नाही. दोष मीही घेतो. १९९० नंतर दहा वर्षांत मी कूपरेजवर किती वेळा गेलो? एका हाताची बोटेही पुरी होणार नाहीत. घरी टीव्ही होता. वडील मात्र पाय चालेनात तोवर जात राहिले. परत आले की स्कोअर सांगण्याआधी किती माणसे होती ते सांगत. आकडा दरसाल घटत होता.

कोल्हापूरला जमते ते

‘आपल्या मराठी माणसाला फुटबॉलचे वेडच नाही’ असे कोणी म्हणाले, की मी त्याला कोल्हापूरची गाडी पकडायला सांगतो. तिथल्या राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम, किंवा खंडोबा तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले, की पेठाच्या पेठा ओस पडतात. ज्या तालमींत कुस्तीगीर घडले, त्याच तालमींच्या नावाने तिथे फुटबॉलचे संघ आहेत. बालगोपाल तालीम असो की प्रॅक्टिस क्लब, संघ पेठेचा, खेळाडू गल्लीतला, म्हणून सामना घरचा. आजीबाईंनाही ठाऊक असते, की आपल्या गल्लीतला कोण आज आघाडीला खेळणार आहे. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच.

कोल्हापूरला जमते, कारण तिथे मैदान आणि मोहल्ला यांचे नाते तुटलेले नाही. मुंबईत ते नाते पेठेचे नव्हते, कचेरीचे होते. कचेरीने हात सोडला आणि मैदान पोरके झाले. एवढाच काय तो फरक. तो समजून घेतला तर उपायही कळतो. मुंबईला आता नवे नाते शोधावे लागेल, आणि माझ्या मते ते शाळांत आहे. आझाद मैदानावर शाळांचे सामने आजही होतात. मुंबई जिल्हा संघटनेची लीग चालते. वांद्र्याला नेव्हिल डिसोझाच्या नावाचे मैदान आहे. पोरे खेळताहेत, त्यांना पाहायला कोणी नाही. मोठ्यांचे महत्त्वाचे सामने कचेऱ्या सुटण्याच्या वेळी ठेवले, अंतिम सामने कूपरेजवर घेतले, शाळांच्या पोरांना फाटक मोकळे ठेवले आणि सामना कधी, कुठे हे चार दिवस आधी लोकांना कळले, तर पाच हजारांची गॅलरी भरायला काय लागते? मंत्रालयाची एक लिफ्ट रिकामी झाली तरी पहिली रांग भरेल!

गेल्या पावसाळ्यात माझी अकरा वर्षांची नात तिथे खेळली. होय, नात. वडिलांच्या वेळी गॅलरीतसुद्धा बाई दिसली तर माना वळत. आता मैदानात बावीस मुली धावतात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. एवढे तरी आपल्या हातून बरे घडले. गॅलरीत आम्ही मोजून चाळीस जण. आईबाप, दोन-तीन आजोबा, आणि शेजारच्या कुठल्याशा कचेरीतले एक शिपाई, जे सामना असला की डबा घेऊन इथेच येतात. ‘‘पूर्वी आत शिरायला रांग लागायची, साहेब,’’ ते म्हणाले. मी म्हटले, ‘‘काका, त्या रांगेत मीही होतो.’’

सामना सुटला. नात घामाने निथळत, गुडघा सोलवटलेला मिरवत जिना चढून आली. तिच्या संघाचा एकच गोल झाला होता आणि तो तिने केला नव्हता. तिने उजव्या बगलेवरून चेंडू आत टाकला आणि दुसरीने तो जाळ्यात ढकलला. सगळ्या टाळ्या त्या दुसरीला मिळाल्या.

‘‘आजोबा, गोल पाहिलात?’’

‘‘गोल काय, कोणीही बघतो,’’ मी म्हणालो. ‘‘मी पास पाहिला.’’

ती खुदकन हसली. मग शेजारी बसून तिने माझ्या हातातली शेंगदाण्याची पुडी काढून घेतली. दुसरा सामना सुरू व्हायचा होता. आम्ही थांबलो.